भरतीरेषा आणि भूधारक : मालवण किनाऱ्यावरील भूमिनाश, विस्थापन व कायदेशीर संरक्षण यांचा ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : समुद्रकिनाऱ्याची धूप, विस्थापन, पुनर्वसन, जमीन महसूल कायदा, बुडती बेटे, मालवण, देवबाग

प्रस्तावना

हवामान बदलामुळे होणाऱ्या विस्थापनाची चर्चा निघाली की तुवालू, किरिबाती व मालदीव ही नावे प्रथम पुढे येतात. समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-अडीच मीटर उंचीची ही बेटे पाण्याखाली गेल्यास तेथील नागरिकांचे राष्ट्रीयत्व, मालमत्ता व आश्रय यांचे काय होणार, हा प्रश्न गेल्या काही दशकांत आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासकांनी सातत्याने मांडला आहे. तथापि जमीन समुद्रात जाणे ही केवळ दूरच्या महासागरातील गोष्ट नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील देवबाग हे गाव पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस कर्ली नदीची खाडी यांच्यामधील वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले आहे. या पट्टीला दोन्ही बाजूंनी पाणी खाते. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी, बंधाऱ्याचे टप्प्याटप्प्याने होणारे बांधकाम, त्याचे खचणे आणि पुन्हा मागणी, हा क्रम येथील ग्रामस्थांच्या पिढ्यांनी अनुभवला आहे.

प्रस्तुत लेखात पुढील प्रश्नांचा विचार केला आहे. समुद्राने नेलेल्या जमिनीकडे व त्या जमिनीच्या धारकाकडे आपल्या कायद्याने आजवर कोणत्या दृष्टीने पाहिले? महाराष्ट्रात ‘प्रकल्पग्रस्त’ या संज्ञेला जशी कायदेशीर मान्यता मिळाली, तशी समुद्रामुळे विस्थापित होणाऱ्यास का मिळाली नाही? बुडत्या बेटांच्या संदर्भात घडलेल्या आंतरराष्ट्रीय विचारातून मालवणच्या किनाऱ्याला काही घेता येईल काय? या प्रश्नांची उत्तरे शोधताना महसूल, पुनर्वसन व आपत्ती व्यवस्थापन या कायद्यांच्या तीन प्रवाहांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

आरंभीच एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. मालवण किनाऱ्यावरील सर्व धूप समुद्रपातळीच्या वाढीमुळे होते, असे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरणार नाही. खाडीच्या मुखाचे स्थलांतर, नदीतून येणाऱ्या गाळाचे घटते प्रमाण, खाडीपात्रातील वाळूउपसा आणि शेजारच्या किनाऱ्यावरील कठीण बांधकामे ही कारणेही तेथे कार्यरत असतात. समुद्रपातळीची वाढ या सर्व कारणांना बळ देते. कारणांची ही गुंतागुंत कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण नुकसानभरपाईची विद्यमान चौकट नेहमी एकच कारण व एकच जबाबदार पक्ष शोधत असते.

१. मालवणचा किनारा : बदलत्या भूरूपाचा इतिहास

मालवणचा किनारा इतिहासकाळात कधीच स्थिर नव्हता. छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास प्रारंभ केला आणि १६६७ मध्ये ते पूर्ण झाले. चहूबाजूंनी खारे पाणी असलेल्या या बेटावर दूधबाव, साखरबाव व दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. बेटावरील वस्तीचा प्रश्न हा मुळात गोड्या पाण्याचा प्रश्न असतो, हे त्या काळच्या दुर्गरचनाकारांनी जाणले होते. प्रशांत महासागरातील प्रवाळबेटांवर आज जमीन बुडण्याआधी विहिरी खाऱ्या होतात व माणसे उठू लागतात. हे लक्षात घेता कुरटे बेटाच्या निवडीमागील दृष्टी अधिक स्पष्ट होते.

इ.स. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या रत्नागिरी व सावंतवाडी या खंडात मालवणच्या उपसागरातील बेटांचे वर्णन आहे. बाहेरच्या दोन बेटांपैकी मोठ्यावर सिंधुदुर्ग व लहानावर पद्मगड असून, जुने मालवण शहर ज्या आतल्या बेटावर वसले ते आता मुख्य भूमीचाच भाग झाले आहे, असे तेथे नमूद केले आहे. म्हणजे मालवण हे गाव स्वतःच समुद्राने सोडलेल्या वा गाळाने जोडलेल्या भूमीचे अपत्य आहे. ज्या किनाऱ्याने एकेकाळी एक बेट मुख्य भूमीला जोडून दिले, त्याच किनाऱ्यावर काही किलोमीटर दक्षिणेस देवबागची भूमी आज तुटत आहे.

किनाऱ्यावरील समाजाने या अस्थिरतेशी जुळवून घेतले होते. खाडीच्या काठी बांध घालून व उघाड्या बसवून भरतीचे पाणी अडविणे आणि खाजणातून भातशेती निर्माण करणे, ही कोकणातील जुनी परंपरा होय. १९४८ चा मुंबई खारभूमी अधिनियम व १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम यांनी तिला कायदेशीर रूप दिले. पुळणीवर राहणाऱ्या गाबीत समाजाची वस्ती ही हलक्या बांधणीची असे. समुद्र पुढे सरकला तर झाप मागे घेता येत असे. कारण मागे मोकळी जागा होती व तिला फारशी किंमत नव्हती.

आज ही परिस्थिती राहिलेली नाही. हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जागतिक समुद्रपातळी सरासरी २० सेंटिमीटरने वाढली आणि २००६ ते २०१८ या काळात वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर पोहोचला. चेन्नई येथील राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने १९९० पासूनच्या उपग्रह-प्रतिमांच्या आधारे केलेल्या अभ्यासात देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी सुमारे एकतृतीयांश भाग धुपत असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे एकचतुर्थांश आहे. फयान (नोव्हेंबर २००९), क्यार (ऑक्टोबर २०१९) व तौक्ते (मे २०२१) या चक्रीवादळांनी अरबी समुद्राच्या बदलत्या स्वभावाची प्रचीती दिली. तौक्ते सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून पुढे गुजरातकडे गेले, तरी मालवण, देवगड व वेंगुर्ले या तालुक्यांत घरे, बागा, नौका व वीजवाहिन्या यांची मोठी हानी झाली. दरम्यान मागची जागाही संपली आहे. देवबागसारख्या ठिकाणी मागे खाडी आहे. अन्यत्र नारळी-पोफळीच्या बागा, पर्यटन निवास व रस्ते आहेत. समुद्र पूर्वीही पुढे येत असे. मागे हटण्याचा पर्याय मात्र आताच नाहीसा झाला आहे.

२. महसुली कायद्यातील ‘गेलेली जमीन’

समुद्राने नेलेल्या जमिनीची दखल आपल्या कायद्याने घेतलीच नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेत पाण्याने वाहून गेलेल्या जमिनीसंबंधी स्पष्ट तरतूद होती. धारकाच्या जमिनीपैकी अर्ध्या एकरापेक्षा कमी नसलेला भाग पाण्याने नेल्यास, नियमांच्या अधीन राहून, त्याच प्रमाणात आकार कमी करून मिळण्याचा त्याला हक्क होता. याच संहितेत मळईचा, म्हणजे गाळ साचून नव्याने तयार झालेल्या जमिनीचाही विचार केलेला होता. अल्प क्षेत्राची मळई लगतच्या धारकास वापरता येई. मोठ्या क्षेत्राची विल्हेवाट सरकार लावी. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाने हीच सर्वसाधारण चौकट पुढे चालविली.

या तरतुदींकडे बारकाईने पाहिल्यास वसाहतकालीन कायद्याची दृष्टी उघड होते. जमीन गेली की सरकारचा महसूल बुडतो, म्हणून हिशेब दुरुस्त करावयाचा. धारकाला मिळते ती आकारातील सूट. गेलेल्या जमिनीच्या बदली जमीन वा तिचे मूल्य देण्याचा विचार त्यात नाही. शिवाय अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. देशावरील शेतकऱ्याच्या दृष्टीने हे क्षेत्र लहान असले, तरी किनाऱ्यावरील मच्छीमाराचे घर, अंगण व चार माड मिळून काही गुंठ्यांतच सामावतात. त्याचे सर्वस्व गेले तरी ते कायद्याच्या किमान मर्यादेपर्यंत पोहोचत नव्हते.

याहून मूलगामी तरतूद वेगळीच आहे. भरतीच्या उच्चतम रेषेखालील समुद्रतळ, बंदरे व खाड्या ही शासनाची मालमत्ता होय, हे तत्त्व १८७९ च्या संहितेत होते व १९६६ च्या अधिनियमाच्या कलम २० मध्येही आहे. भरतीरेषा आत सरकली की तिच्याखाली गेलेली भूमी या तत्त्वाच्या कक्षेत येते. आज ज्या जागेवर घर आहे ती जागा उद्या भरतीरेषेखाली गेली तर धारकाची भूमी संपते व शासनाचा समुद्रतळ वाढतो. संपादनाची अधिसूचना निघत नाही, सुनावणी होत नाही, निवाडा होत नाही. एरवी मालमत्ता काढून घेताना कायदा ज्या पायऱ्या सक्तीच्या मानतो, त्यांपैकी एकही येथे लागू होत नाही.

कोकणातील भूधारणेची गुंतागुंतही या संदर्भात लक्षात घ्यावी लागते. खोती पद्धत १९४९ च्या कायद्याने रद्द झाली, तरी अनेक ठिकाणी सातबारा उतारा भाऊबंदांच्या सामाईक नावाने राहिला. त्यांतील काही सहधारक मुंबईत असतात, काहींचा वारसतपास झालेला नसतो. पुळणीवरील अनेक मच्छीमारांची घरे ज्या जागेवर आहेत, ती जागा त्यांच्या नावावर नसते. भरपाईचा प्रश्न उपस्थित झालाच तर प्रथम हक्काचा पुरावा मागितला जातो आणि तेथेच तो प्रश्न अडतो.

३. ‘प्रकल्पग्रस्त’ या संज्ञेची जडणघडण

विस्थापिताला कायद्याची मान्यता कशी मिळते, याचे उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात सापडते. टाटा कंपनीच्या वीजप्रकल्पासाठी मुळशी खोऱ्यातील जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये घेतल्या जात असताना १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. त्या वेळी कायद्यासमोर फक्त ‘जमिनीचा मालक’ होता, ‘विस्थापित’ नव्हता. मालकाला मोबदला दिला की कायद्याचे कर्तव्य संपत असे. गाव, शेजार, देवस्थान, कुळे व मजूर यांना कायद्याच्या परिभाषेत स्थान नव्हते. मुळशीचा लढा त्या अर्थाने अयशस्वी झाला. पुढे कोयना व जायकवाडी यांसारख्या धरणांच्या विस्थापितांनी आणि त्यांच्या चळवळींनी हा प्रश्न जिवंत ठेवला व १९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पामुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला. ‘प्रकल्पग्रस्त’ ही संज्ञा प्रशासनाच्या, नोकरभरतीच्या व लोकव्यवहाराच्या भाषेत रुजली. मुळशीपासून या कायद्यापर्यंत पंचावन्न वर्षे लागली.

सिंधुदुर्ग जिल्ह्यालाही या संज्ञेचा अनुभव आहे. दोडामार्ग तालुक्यातील तिलारी हा महाराष्ट्र व गोवा यांचा संयुक्त प्रकल्प. तेथील प्रकल्पग्रस्तांचे पुनर्वसन, मोबदला व नोकऱ्या यांविषयी दीर्घकाळ आंदोलने झाली आणि त्यांच्या तक्रारी रास्तच होत्या. परंतु तिलारीच्या विस्थापिताजवळ निदान एक दाखला आहे, ज्याच्या आधारे तो शासनाशी भांडू शकतो. त्याच जिल्ह्यातील, सागरी हद्दीवरील भूमिहीन होऊ घातलेल्या कुटुंबाजवळ तसा दाखला नाही. एकाच जिल्ह्यात पाण्याने जमीन घेतलेली दोन माणसे आहेत. एकाचे पाणी धरणाचे आहे म्हणून तो ‘ग्रस्त’ ठरतो, दुसऱ्याचे समुद्राचे आहे म्हणून ठरत नाही.

१ जानेवारी २०१४ पासून अंमलात आलेल्या २०१३ च्या भूसंपादन व पुनर्वसन कायद्याने ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येची व्याप्ती वाढविली. वन वा जलाशय यांवर उपजीविका अवलंबून असलेल्या कुटुंबांचा तीत समावेश असून मच्छीमार व नावाडी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जमिनीची मालकी नसली तरी उपजीविका गमावणारा हा बाधितच होय, ही मान्यता ऐतिहासिक महत्त्वाची आहे. मात्र ती भूसंपादनामुळे उपजीविकेवर परिणाम झाल्यासच लागू होते. ज्या पुळणीवर रापण ओढली जाते ती पुळणच नाहीशी झाली, तर रापणकरांच्या साऱ्या समूहाची उपजीविका जाते. परंतु तेथे संपादन करणारा कोणी नसल्याने व्याख्या निरुपयोगी ठरते.

४. आपत्ती : घटना आणि प्रक्रिया

विस्थापिताला संरक्षण देणारा दुसरा मार्ग आपत्ती व्यवस्थापनाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील गावे नव्या जागी वसविण्यात आली. ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडल्या गेलेल्या पुणे जिल्ह्यातील माळीण गावाचे नव्या जागी पुनर्वसन २०१७ मध्ये झाले. शासनाने मनावर घेतल्यास नैसर्गिक आपत्तीतही संपूर्ण गावाचे पुनर्वसन होऊ शकते, हे या उदाहरणांतून सिद्ध होते. या दोन्ही प्रसंगी आपत्तीला निश्चित दिनांक होता, पंचनामा करता येत होता व हानी एकदम डोळ्यांसमोर आली होती.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राष्ट्रीय, राज्य व जिल्हा पातळीवर यंत्रणा उभी केली. तथापि राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत देण्यासाठी केंद्राने अधिसूचित केलेल्या चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणे इत्यादी आपत्तींच्या यादीत किनाऱ्याची धूप समाविष्ट नव्हती. महाराष्ट्र शासनाने आपल्या पातळीवर अवेळी पाऊस, वीज कोसळणे यांच्या जोडीने ‘समुद्राचे उधाण’ ही आपत्ती मान्य केली, हे निश्चितच पुढचे पाऊल होय. परंतु उधाण ही घटना आहे आणि धूप ही प्रक्रिया आहे. उधाणाच्या रात्री भिंत पडली तर पंचनामा होतो. दहा पावसाळ्यांत अंगण गेले तर होत नाही. ज्या वर्षी घर पडते त्या वर्षी ते पडण्याचे कारण म्हणजे आधीच्या नऊ वर्षांत गेलेली जमीन असते. मदत मात्र भिंतीची मिळते, जमिनीची नाही.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीसाठी धूप रोखण्याच्या उपायांकरिता १,५०० कोटी रुपये व धुपीमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाकरिता १,००० कोटी रुपयांची शिफारस केली. नदी व समुद्र यांच्या धुपीने उठलेल्या माणसाला राष्ट्रीय वित्तीय दस्तऐवजात या शिफारशीमुळे ठळक स्थान मिळाले. त्यापूर्वी ओडिशाने केंद्रपाडा जिल्ह्यातील सातभाया या समुद्राने गिळलेल्या ग्रामसमूहातील कुटुंबांना बागपतिया येथील वसाहतीत हलविले होते. तथापि निधीची तरतूद व हक्काची निर्मिती या भिन्न गोष्टी आहेत. निधी कालबद्ध असतो आणि तो शासनाच्या इच्छेवर खर्च होतो. हक्क हा मागता येतो.

धूप ही प्रक्रिया असल्याचा आणखी एक परिणाम होतो. विस्थापन दिसतच नाही. कोकणातून मुंबईस जाणे ही शतकाहून अधिक काळाची परंपरा आहे व ‘चाकरमानी’ ही तिची ओळख आहे. बाग खाऱ्या पाण्याने मेली, होडी ओढून ठेवण्याची जागा गेली आणि घरातील तरुण मुंबईस वा गोव्यास गेला, तर त्याची नोंद रोजगारासाठी केलेले स्थलांतर अशीच होते. समुद्राने हलविलेला माणूस जनगणनेच्या रकान्यात स्वखुशीने गेलेला ठरतो.

५. बुडती बेटे व आंतरराष्ट्रीय कायदा

हीच अडचण आंतरराष्ट्रीय पातळीवर अधिक मोठ्या प्रमाणावर आढळते. १९५१ च्या निर्वासितविषयक करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाच कारणांवरून छळाची साधार भीती असणारी व्यक्तीच निर्वासित ठरते. समुद्र कोणाचा छळ करीत नाही. त्यामुळे ‘हवामान-निर्वासित’ हा शब्द वृत्तपत्रांत रूढ झाला तरी कायद्यात आला नाही. भारत तर या कराराचा पक्षकारही नाही.

किरिबातीचे नागरिक इओआने तेतिओता यांनी न्यूझीलंडमध्ये आश्रय मागितला. गर्दी, खारे झालेले पाणी व पिकांची नासाडी यांमुळे तारावा बेटावर कुटुंबाला राहणे अशक्य असल्याचे त्यांचे म्हणणे होते. न्यूझीलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्यांची मागणी फेटाळली व त्यांना परत पाठविण्यात आले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने, जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निर्णयात, त्यांच्या बाबतीत उल्लंघन झाले नाही असे ठरविले. परंतु हवामान बदलाच्या परिणामांमुळे जीविताच्या हक्कास धोका असलेल्या ठिकाणी एखाद्यास परत पाठविणे हे राज्यांच्या कर्तव्याचे उल्लंघन ठरू शकेल, हे तत्त्व मान्य केले. दाव्यात हार व तत्त्वात जीत, असे या निर्णयाचे स्वरूप आहे.

देशांतर्गत विस्थापितांविषयी संयुक्त राष्ट्रांच्या १९९८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नैसर्गिक व मानवनिर्मित आपत्तींचा समावेश आहे. परंतु ती तत्त्वे बंधनकारक नाहीत. बंधनकारक करारांचा विचार करता, आफ्रिकी राष्ट्रांच्या २००९ च्या कंपाला कराराने हवामान बदलाचा स्पष्ट निर्देश केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलिया व तुवालू यांनी केलेला फालेपिली करार ऑगस्ट २०२४ मध्ये अंमलात आला. त्यानुसार दरवर्षी तुवालूच्या २८० नागरिकांना ऑस्ट्रेलियात राहण्याची वाट मोकळी झाली. सुमारे अकरा हजार लोकसंख्येच्या देशाच्या दृष्टीने हा आकडा लहान नाही. मालदीवच्या मंत्रिमंडळाने १७ ऑक्टोबर २००९ रोजी पाण्याखाली बैठक घेऊन जगाचे लक्ष वेधले होते. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत हा प्रश्न प्रतीकाकडून कराराकडे सरकला, असे म्हणता येईल.

६. राज्याची रेषा व घराची रेषा

२३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामान बदलासंबंधी राज्यांच्या कर्तव्यांविषयी जे सल्लागार मत दिले, त्यातील दोन मुद्दे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहेत. समुद्रपातळी वाढून किनारा आत सरकला तरी राज्यांनी आपल्या सागरी हद्दीचे नकाशे वा निर्देशांक बदललेच पाहिजेत असे बंधन १९८२ च्या सागरी कायदा करारातून निघत नाही, असे न्यायालयाने म्हटले. तसेच एकदा स्थापन झालेल्या राज्याचा एखादा घटक नाहीसा झाला म्हणून त्याचे राज्यत्व अपरिहार्यपणे संपत नाही, असेही मत दिले. १९३३ च्या माँटेव्हिडिओ कराराने निश्चित भूप्रदेश हा राज्याचा घटक मानला होता. त्या समजुतीला दिलेली ही मोठीच मुरड होय. तुवालूने तर २०२३ मध्ये आपल्या राज्यघटनेतच राज्याच्या शाश्वततेची नोंद करून ठेवली होती.

या मताचा गाभा असा की समुद्र सरकला तरी हक्काची रेषा सरकलीच पाहिजे असे नाही. जमीन बुडाली म्हणून तिच्यावर आधारलेला सागरी हक्क बुडत नाही. येथे मालवणच्या भूधारकाशी तुलना अटळ ठरते. महसूल कायद्यातील भरतीरेषा समुद्राबरोबर आत येते आणि धारकाचा हक्क मागे ढकलते. किनारा नियमन क्षेत्राच्या १९९१, २०११ व २०१९ च्या अधिसूचनांतील बांधकामनिषिद्ध पट्टाही भरतीरेषेपासूनच मोजला जातो. म्हणजे भरतीरेषेचे नकाशे नव्याने झाले की समुद्रालगतचे घर जाते व त्यामागची जागा निषिद्ध पट्ट्यात येते. २०१९ च्या अधिसूचनेत धोकारेषेचा उल्लेख आहे. पण ती आपत्ती व्यवस्थापनाचे साधन म्हणून आहे, धारकाच्या हक्काचा आधार म्हणून नाही. राज्यांसाठी रेषा स्थिर ठेवण्याची युक्ती कायद्याला सापडली. घरासाठी ती शोधण्याचा प्रयत्न अद्याप झालेला नाही.

दुसरा धडा सामूहिकतेचा आहे. किरिबातीने २०१४ मध्ये फिजीत जमीन खरेदी केली. तुवालूचा आग्रह राष्ट्र टिकविण्याचा आहे. विखुरलेली माणसे जगतील, पण समाज नाहीसा होईल, ही भीती या राष्ट्रांना आहे. मालवण तालुक्यातील आचरे येथे काही वर्षांच्या अंतराने होणारी गावपळण या संदर्भात अर्थपूर्ण वाटते. श्रीदेव रामेश्वराच्या आज्ञेने सारे गाव गुराढोरांसह वेशीबाहेर जाते, तीन दिवस-तीन रात्री झोपड्यांत राहते आणि कौल मिळाल्यावर परतते. या प्रथेत गाव सोडणे आहे, पण कोणी एकटा जात नाही व परतीचा हक्क कोणाचाच जात नाही. धुपीने होणारे विस्थापन याच्या नेमके उलट आहे. त्यात एकेक घर निघते, त्याला कोणाचा कौल नसतो व परत येण्यास जागा उरत नाही.

७. भारतीय संविधान व उपायांची दिशा

भारतीय कायद्यात याबाबत आधार नाहीत असे नाही. ओल्गा टेलिस खटल्यात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. २०२४ च्या एम. के. रणजितसिंह खटल्यात हवामान बदलाच्या प्रतिकूल परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क अनुच्छेद १४ व २१ मधून निघतो, असे न्यायालयाने म्हटले. या तत्त्वांना किनाऱ्यावर उतरविण्यासाठी पुढील उपाय विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला उपाय अभिलेखाचा. धुपणाऱ्या गावांत एका निश्चित दिनांकाची मोजणी व उपग्रह-प्रतिमा प्रमाण मानून त्या दिवसाची धारणा कायम धरावी. पुढे जमीन गेली तरी त्या धारणेवर आधारलेला पुनर्वसनाचा हक्क जाऊ नये. दुसरा, ‘धूपग्रस्त’ ही संज्ञा राज्याच्या पुनर्वसनविषयक कायद्यात समाविष्ट करून तीत २०१३ च्या कायद्याप्रमाणे मालकी नसलेल्या मच्छीमार कुटुंबांचाही अंतर्भाव करावा. तिसरा, पुनर्वसन समूहाने व समुद्रापासून पोहोचण्याजोग्या अंतरावर व्हावे; होडी ठेवण्याची व मासे सुकविण्याची जागा हा त्याचा भाग असावा. धरणग्रस्ताला लाभक्षेत्रात जमीन देण्यामागे जे तत्त्व आहे तेच येथे लागू पडते. चौथा, कारणांच्या वादात हक्क अडकू नये. धूप समुद्रपातळीमुळे झाली की वाळूउपशामुळे, याचा निवाडा होईपर्यंत कुटुंबाला थांबविणे अन्यायाचे ठरेल. दोषी ठरणाऱ्याकडून वसुली नंतरही करता येते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की किनाऱ्यावर राहण्याचा धोका धारकाने स्वतःच पत्करलेला असतो आणि शासनाने समुद्राची हमी देणे अशक्य आहे. हा आक्षेप किनाऱ्यावर नव्याने गुंतवणूक करणाऱ्यास काही अंशी लागू होईल. पिढ्यान्‌पिढ्या पुळणीवर राहणाऱ्या मच्छीमारास तो लागू होत नाही. कारण त्याने तेथे राहावे अशीच त्याच्या व्यवसायाची अट होती. जगाचे तापमान वाढविणाऱ्या वायूंच्या उत्सर्जनात त्याचा वाटा नगण्य आहे, आणि या बाबतीत तो तुवालूच्या नागरिकाच्याच पंक्तीत बसतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की समुद्राने नेलेली जमीन आपल्या कायद्याला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. ठाऊक नाही तो त्या जमिनीवरचा माणूस. महसूल कायद्याने त्याच्याकडे आकार भरणारा म्हणून पाहिले, भूसंपादन कायद्याने संपादनाविना त्याला ओळखले नाही आणि आपत्तीच्या कायद्याने त्याच्याकडे दिनांक मागितला. मुळशीच्या सत्याग्रहापासून १९७६ च्या कायद्यापर्यंत ‘प्रकल्पग्रस्त’ या शब्दाला पंचावन्न वर्षांचा प्रवास करावा लागला. देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवरील कुटुंबांजवळ तेवढा अवधी नाही. त्यामुळे धुपीच्या मान्यतेसाठी आणखी एका मोठ्या आपत्तीची वाट न पाहता जमिनीची मोजणी, अभिलेखाची नोंद व संज्ञेची मान्यता ही कामे जमीन हाती असतानाच पूर्ण करणे इष्ट होय.